वावच्या मागावर

तुम्ही आरादच्या किल्ल्यात उभे आहात. साल इ.स.पू. 600 च्या आसपासचं. यहूदाच्या राज्याची ही दक्षिणेकडची सरहद्द, पलीकडे नेगेव्हचं वाळवंट. कोठाराच्या दाराशी एक जासूद घाम पुसतोय. त्यानं आणलेली चिठ्ठी म्हणजे फुटक्या मडक्याची तळहाताएवढी खापरी, तिच्यावर काळ्या शाईनं काही ओळी. किल्ल्याच्या अधिकाऱ्याचं नाव एल्याशीव. कारकून खापरी उन्हाकडे कलती करून मोठ्यानं वाचतो. पहिले दोन शब्द, 'एल्याशीवला'. न कुशल, न क्षेम. लगेच पुढचा शब्द, 'वेअत'.

हिब्रूत 'वे' म्हणजे आणि, 'अत' म्हणजे आता. 'आणि आता' कित्तींना तीन बथ द्राक्षारस द्यावा, दिवसाची नोंद करावी, उरल्या पिठातून त्यांच्या भाकरीपुरतं पीठ लादून द्यावं. कित्ती म्हणजे बहुधा समुद्रापलीकडून आलेले भाडोत्री शिपाई. पगार कसा द्यायचा याची चिंता त्या कारकुनाला असू द्या, तुम्ही त्या शब्दावरच थांबा. आधी काही सांगितलेलंच नाही, तर हा 'आणि' कशाला कशाशी जोडतोय?

तुम्ही मराठी माणूस असाल तर फार वेळ अडणार नाही. 'पत्र लिहिण्यास कारण की' इथला 'की' तरी कुठे वाक्यं जोडतो? मायना संपला, मुद्दा सुरू झाला, एवढंच तो सांगतो. आरादचा 'वे' तेच करतोय. व्याकरणाच्या पुस्तकात तो उभयान्वयी अव्यय आहे, म्हणजे दोघांना जोडणारा. खापरीवर मात्र त्याला एकच बाजू आहे, पुढची.

खापरी हातात घ्या. हा 'वे' स्वतंत्र शब्द नाही. एकच अक्षर, वाव, पुढच्या शब्दाला चिकटून बसलेलं. आज छापील हिब्रूत वाव म्हणजे डोक्याशी जरा वाकलेली उभी रेघ. या खापरीवरची लिपी जुनी आहे, तिच्यात तो माथ्याशी फाटा फुटलेल्या खुंटीसारखा दिसतो. नावाचा अर्थही आकडा किंवा खुंटी. बायबलातल्या निर्गमाच्या ग्रंथात पवित्र मंडपाचे पडदे ज्या आकड्यांना अडकवायचे, त्यांना हाच शब्द आहे.

आता दोनशे वर्षं पुढे सरका. जेरुसलेम, पर्शियन अमदानी. बायबलातली योनाची गोष्ट बहुधा याच काळात कधीतरी लिहून झाली. अंगणात माणसं बसली आहेत, एकजण सांगतोय. पहिला शब्द 'वयही', आणि झालं असं. गोष्टीची सुरुवातच 'आणि'नं. यात जगावेगळं काही नाही. यहोशवा, शास्ते, रूथ, एस्तेर, सगळे ग्रंथ याच शब्दानं उघडतात. गोष्ट आधीपासून चालूच होती, तुम्ही आत्ता येऊन बसलात, असा एकूण आव.

सांगणारा पुढे जातो आणि तुमच्या कानावर एक ठेका पडू लागतो. 'वय्य', 'वय्य', 'वय्य'. प्रत्येक क्रियापद वाव घेऊन येतं. हिब्रूचं सगळ्यांत प्रसिद्ध कोडं इथं आहे, तेव्हा जरा बसा. हिब्रू क्रियापदाची मुख्य रूपं दोन. 'आमर' म्हणजे तो म्हणाला. 'योमर' म्हणजे तो म्हणेल. आता 'योमर'च्या पुढे वाव लावा, 'वय्योमेर' होतं, आणि अर्थ होतो 'आणि तो म्हणाला'. भविष्याचा भूत झाला. उलट 'आमर'ला वाव लावून 'वेआमर' केलं की अर्थ पुष्कळदा 'आणि तो म्हणेल'. मध्ययुगातल्या व्याकरणकारांनी याला 'उलटवणारा वाव' असं नाव दिलं, आणि शेकडो वर्षं विद्यार्थी ते घोकत आले. जोडणाऱ्या अक्षराला काळ फिरवायची ताकद कुठून आली, हे मात्र कुणी सांगेना.

उत्तर शेजारच्या भाषांमधून आलं. अक्कडी भाषेत याच घडणीचं एक आखूड रूप सरळ भूतकाळ दाखवतं. मवाबचा राजा मेशा यानं इ.स.पू. 840 च्या सुमारास कोरवलेल्या शिलालेखात हीच वावची साखळी आहे, आणि त्याची भाषा हिब्रू नव्हे, तिची सख्खी शेजारीण. म्हणजे वाव काही उलटवत नव्हता. जुनं भूतकाळी रूप इतर ठिकाणी झिजून गेलं, वावच्या आडोशाला तेवढं टिकलं. जादूगार म्हणून ज्याची ख्याती झाली तो खरा रखवालदार निघाला.

सांगणारा वादळापाशी आला आहे. तारू फुटायच्या बेतात, खलाशी घाबरले, आपापल्या देवाला हाका मारू लागले, माल समुद्रात फेकू लागले. वय्य, वय्य, वय्य. आणि एकदम ठेका तुटतो. आता वाव क्रियापदाला लागत नाही, माणसाच्या नावाला लागतो, 'वेयोना'. क्रियापद मागे राहतं, तेही वावशिवाय. अंगणातली माणसं मान वर करतात. सांगणाऱ्यानं आवाज बदललेला नाही, 'परंतु' म्हटलेलं नाही, तरी सगळ्यांना कळलं की वर हा गोंधळ चालला असताना योना मात्र खाली तळाशी जाऊन झोपलाय. वाव तोच. फक्त जागा बदलली आणि 'आणि'चा 'मात्र' झाला. हिब्रू शिकवणाऱ्या कुणी मला एकच जागा दाखवायला सांगितली तर मी ही दाखवीन. गोष्ट संपते तीही वावच्याच शब्दांवर. देव योनाला विचारतो, एवढ्या मोठ्या नगराची मला कीव येऊ नये काय, आणि शेवटचे शब्द असतात 'आणि पुष्कळ गुरंढोरं'. जागतिक वाङ्मयात यापेक्षा विक्षिप्त शेवट शोधायला वेळ लागेल.

चला, इ.स.च्या दुसऱ्या शतकात. रोमनांनी मंदिर जाळून दोन पिढ्या झाल्या आहेत. आता मंदिराच्या जागी ग्रंथ आहे, आणि ग्रंथातलं एकही अक्षर फुकट नाही असं मानणारे रब्बी अकीवा समोर बसलेत. त्यांच्यापुढे रब्बी इश्माएल, ज्यांचं म्हणणं की शास्त्र माणसांच्या बोलीत बोलतं, प्रत्येक अक्षराला पिळू नये. वाद याजकाच्या व्यभिचारी मुलीच्या शिक्षेचा. जाळून मारण्याची शिक्षा फक्त वाग्दत्त मुलीला की लग्न झालेलीलाही? नियमात 'मुलगी' या शब्दाच्या आधी एक वाव आहे. अकीवा म्हणतात, तो वाव उगाच नाही, तो दुसरीलाही आत घेतो. इश्माएल विचारतात, तुम्ही एका वावचा अर्थ काढता म्हणून एका बाईला जाळायला न्यायचं? तालमुद म्हणजे रब्बींच्या वादचर्चांचा ग्रंथ, त्याच्या सनहेद्रिन खंडात हा प्रसंग नोंदलेला आहे. असा अधिकार ज्यूंच्या न्यायसभेला तेव्हा उरलेलाच नव्हता, त्यामुळे वाद पुस्तकी. पण इश्माएलांच्या प्रश्नातली धार पुस्तकी नाही. व्याकरणावरून माणसं हमरीतुमरीवर येतात ते आपल्याला नवीन नाही, शिक्षा एवढी टोकाची नसते इतकंच.

जाता जाता तिबेरियात, इ.स. 250 च्या सुमारास, रेश लाकीश भेटतील. तरुणपणी दरोडेखोर होते म्हणतात, मग तालमुदचे दिग्गज झाले. त्यांनी दुसऱ्या एका अव्ययाचा हिशेब मांडून ठेवलाय. 'की' या शब्दाचे अर्थ चार, जर, कदाचित, उलट आणि कारण. हो, हिब्रूत 'की' आहे, आणि 'तो म्हणाला की' इथल्या आपल्या 'की'चं कामही तो करतो. नातं जोडायला जाऊ नका, योगायोग आहे. पण शिकणाऱ्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यात तेवढाच दिलासा.

आता बेथलेहेम, 398. ही भेट सावकाश घ्या.

जेरोम नावाचा तापट, हुशार, आजारातून नुकता उठलेला संन्यासी लेखनिकाला लॅटिन मजकूर सांगतोय. बारा वर्षांपूर्वी तो इथं येऊन राहिला आणि ज्यू गुरूंकडे हिब्रू शिकला. त्यांतला एक, लोक काय म्हणतील या भीतीनं, रात्रीच्या अंधारात शिकवायला यायचा. आज काम आहे शलमोनाच्या नावावरच्या तीन ग्रंथांचं. ते त्यानं तीन दिवसांत उरकलं असं तो स्वतःच लिहून ठेवणार आहे. आत्ता तो त्यांतल्या गीतरत्नाच्या आरंभाशी आहे. नायिका स्वतःचं वर्णन करते. विशेषणं दोन, काळी आणि सुंदर. मध्ये एक वाव.

सहा-सातशे वर्षं आधी ज्यू भाषांतरकारांनी ग्रीक करायला घेतलं तेव्हापासून ठरून गेलेलं होतं, वाव म्हणजे 'काइ', म्हणजे 'आणि'. ग्रीक नायिका काळी आणि सुंदर आहे. जेरोम क्षणभर थांबतो का? ते कळायला मार्ग नाही. त्याच्या तोंडून शब्द येतो 'सेद', म्हणजे पण. लॅटिन नायिका काळी पण सुंदर झाली. पुढची हजारेक वर्षं पश्चिम युरोप हाच पाठ वाचणार, त्यावर प्रवचनं करणार, 1610 साली मोंतेवेर्दी त्याला चाल लावणार.

हे वाक्य तुम्ही वर्तमानपत्राच्या 'वधू पाहिजे' आणि 'वर पाहिजे'च्या रकान्यांत किती वेळा वाचलंय? 'रंगाने सावळी पण नाकीडोळी नीटस'. तिथला 'पण' काढून 'आणि' घाला, मुलगी तीच राहते, लिहिणारा बदलतो.

जेरोमवर लगेच खटला भरू नका. नायिका पुढे म्हणते की माझ्याकडे असं बघू नका, मला उन्हानं रापवलंय, भावांनी मला द्राक्षमळे राखायला लावलं. म्हणजे लोक तिच्या रंगाकडे बघतायत याची तिला जाणीव आहे, आणि 'पण'ला आधार मिळतो. पण लगतच्याच ओळीत ती दोन उपमा देते, केदारच्या भटक्यांचे तंबू आणि शलमोनाचे पडदे. तंबू काळ्या शेळीच्या केसांचे, पडदे राजवाड्यातले. दोन विशेषणं, दोन उपमा, दोन्ही अभिमानानं. इथं 'आणि' खणखणीत बसतो. माझं मत विचाराल तर 'आणि'. हिब्रू मजकूर मात्र मत देत नाही. वाव जोडून बाजूला होतो, कसं जोडलं ते वाचणाऱ्यानं पाहायचं. लॅटिनमध्ये ती सोय नव्हती, मराठीत नाही, इंग्रजीत नाही. भाषांतर करणाऱ्याला बोलावंच लागतं.

पुन्हा तिबेरिया, पण आता साल 930 च्या आसपासचं. गालील सरोवराचा दमट उकाडा, अंमल मुसलमानांचा, बाजारात अरबी. मेजावर चामड्याची पानं. श्लोमो बेन बुयाआ यानं सगळी व्यंजनं लिहून संपवली आहेत. आता आरोन बेन आशेर त्यांवर टिंबं देतोय. हिब्रू लिपी मुळात व्यंजनांची, स्वर वाचणाऱ्यानं मनातून घालायचे. भाषा घराघरातून गेली तेव्हा मनातले स्वर विस्कटतील या धास्तीनं तिबेरियातल्या काही घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे टिंबांचं काम केलं. बेन आशेर घराणं त्यांतलं सर्वांत नावाजलेलं. हे पुस्तक पुढे अलेप्पोला जाईल आणि अलेप्पोची पोथी म्हणून ओळखलं जाईल.

वाकून बघा. वाव, योद, आलेफ, मेम, रेश. नुसती अक्षरं पाहिली तर हे 'वय्योमेर'ही असू शकतं, 'आणि तो म्हणाला'. 'वेयोमर'ही, 'आणि तो म्हणो'. आरोनचा बोरू खाली येतो. वावखाली छोटी आडवी रेघ, योदच्या पोटात एक ठिपका. झालं, तो म्हणाला. शाईचे दोन कण, आणि एक शक्यता कायमची बंद.

साध्या वावचेही नखरे कमी नाहीत, आणि इथं ते सगळे कागदावर येतात. एरवी 'वे'. पण पुढे ब, म, प यांच्यासारखं ओठांनी म्हणायचं अक्षर आलं की 'उ'. 'मेलेख' म्हणजे राजा, 'आणि राजा' म्हणजे 'उमेलेख'. ओठ मिटायचेच आहेत तर आधी 'व'साठी वेगळा खटाटोप कशाला, असा जिभेचा हिशेब. पुढचं अक्षर अर्धवट स्वराचं असेल तरी 'उ'. पुढे तसाच 'य' असेल तर दोन्ही मिळून 'वी', म्हणजे यहूदाचा 'वीहुदा'. 'मी' म्हणजे 'अनी', पण 'आणि मी' म्हणजे 'वाअनी', कारण वाव पुढच्याचा स्वर उसना घेतो. जोडीनं येणाऱ्या शब्दांत, वावच्या लगेच पुढच्या अवयवावर आघात असला की, लांब 'वा': 'योम वालायला', दिवस आणि रात्र. आरोननं हे नियम शोधले नाहीत. लोक म्हणत होते तसं त्यानं टिपलं. नियम मागून आले, विद्यार्थ्यांच्या नशिबी.

यानंतर स्पेनमध्ये हिब्रू व्याकरण शास्त्र म्हणून उभं राहिलं. कोर्दोबात हय्यूज, सरगोसात इब्न जनाह, दोघंही अरबीतून लिहिणारे. अरबी व्याकरणाच्या चौकटीप्रमाणे शब्दांचे वर्ग तीन, नाम, क्रियापद आणि उरलेले सगळे अव्यय. तिथं थांबायला हवं खरं, पण तुम्हाला मुंबई गाठायचीय.

मुंबई, 1832. मांडवी भागात सॅम्युअल दिवेकरांनी 1796 मध्ये बांधलेलं सिनेगॉग आहे, आणि आत बसलेली माणसं मराठी बोलतायत. पेणकर, राजपूरकर, केहिमकर अशी आडनावं, कोकणातल्या गावांवरून पडलेली. गावाकडे यांना शनवार तेली म्हणत, शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. सुंता, शब्बाथ, खाण्याचे नियम आणि 'शमा'ची प्रार्थना एवढं बेने इस्राएल समाजानं शतकानुशतकं जपलं, हिब्रू भाषा मात्र हातची गेली होती. कोचीनहून आलेले शिक्षक ती पुन्हा शिकवतायत. आणि याच वर्षी स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन हिब्रूचं प्राथमिक व्याकरण मराठीत छापून यांच्या हातात ठेवतो. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण निघायला अजून चार वर्षं आहेत! विल्सनचा हेतू उघड होता, ही माणसं ख्रिस्ती व्हावीत. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतलं, हेतू बहुतेकांनी परत केला. दोन वर्षांनी जन्मलेले जोसेफ इझेकिएल राजपूरकर पुढे हिब्रूतले प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठीत आणणार आहेत.

आता केडगाव, पुणे जिल्हा, 1910 नंतरची काही वर्षं. मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणतायत. छापखाना आश्रमातल्या बायकाच चालवतात, खिळे जुळवण्यापासून. रमाबाईंचं संस्कृत असं की विशीतच कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' पदवी दिलेली. 'आणि' या अर्थाचा 'च' त्यांनी लहानपणापासून पाठ केलेला, आणि तो शब्दाच्या मागे लागतो. हिब्रूचा वाव पुढे लागतो. हा फरक किरकोळ. खरी अडचण उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात उभी आहे. त्यात 31 वचनं आहेत, आणि पहिलं सोडलं तर उरलेली सगळी तीस वावनं सुरू होतात. तीस वेळा 'आणि' छापलं तर मराठी कानाला ते ठेच लागल्यासारखं वाटतं. रमाबाईंना तर खेड्यातल्या साध्या बाईला कळेल असं बायबल हवं होतं.

कारण मराठी गोष्ट 'आणि'नं चालतच नाही. ती 'ऊन'नं चालते. हिब्रू म्हणेल, आणि तो उठला आणि त्यानं गाढवावर खोगीर घातलं आणि तो निघाला. आपली आजी म्हणेल, उठून, गाढवावर खोगीर घालून तो निघाला. क्रम तोच, वेग तोच. 'वय्य'ची साखळी आणि 'ऊन'ची साखळी एकाच कामाची दोन अवजारं आहेत. पण फरक आहेच. 'ऊन' लावलं की आधीच्या कृती शेवटच्या क्रियापदाच्या हाताखाली जातात. हिब्रूत प्रत्येक कृती आपल्या पायावर उभी राहते, उठणं हे निघण्याइतकंच मोठं. मुलाचा बळी द्यायला पहाटे निघालेल्या अब्राहामाची गोष्ट असेल तेव्हा हे साधं राहत नाही. खोगीर घालण्याचं ते एकेक स्वतंत्र 'आणि' तिथं छातीवर बसायला हवं. म्हणून जुन्या मराठी बायबलातल्या 'आणि'ला हसणाऱ्यांच्या बाजूनं मी निम्माच आहे. काही ठिकाणी तो ओबडधोबड 'आणि'च प्रामाणिक.

शेवटचा थांबा जेरुसलेमचाच, 1950 नंतरचा. हिब्रू पुन्हा घरात आलीय, पोरं रस्त्यावर त्याच भाषेत भांडतायत. 'वय्योमेर' कुणी म्हणत नाही, 'तो म्हणाला'ला साधं 'आमर' पुरतं. 'पण'ला 'अवाल' आहे, आणि हाच शब्द उत्पत्तीच्या ग्रंथात 'खरोखर' या अर्थानं येतो. वाव आता बहुतेक 'आणि'चंच काम करतो, तेही सरसकट 'वे' म्हणून. नियम रेडिओवर उरलेत. बातम्या देणारा 'तेल अवीव वीरुशालाईम' म्हणतो, दारात ऐकणारा भाजीवाला 'वे येरुशालाईम' म्हणतो, आणि दोघांचं एकमेकांवाचून काही अडत नाही. शाळेतली मुलं ओठांच्या अक्षरांचा नियम 'बूमाफ' या सांकेतिक शब्दानं पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि मैदानात विसरतात.

तुम्ही हिब्रू शिकायला बसणार असाल तर एक सांगून ठेवतो. एखादा शब्द शब्दकोशात सापडला नाही म्हणून लगेच हात टेकू नका. त्याच्या तोंडाशी वाव आहे का ते आधी बघा, असेल तर तो झाकून उरलेला शब्द शोधा. वावनं खरोखर सुरू होणारे शब्द हिब्रूत अगदी थोडे, 'वेरेद' म्हणजे गुलाब, 'विलोन' म्हणजे पडदा, 'विकुआख' म्हणजे वाद, असे. बाकी जिथं जिथं शब्दाच्या तोंडाशी वाव दिसेल तिथं तो जोडायला आलेला असतो. 'आणि' म्हणायचं की 'पण', ते मागचं-पुढचं वाक्य वाचून तुम्हीच ठरवा.